आधी पेन, मग हात

मास्तरांचा डावा हात कायम खिशात असे. गिरणीच्या पॉवर हाऊसमध्ये बारा हँडलांच्या त्या काळ्या बोर्डासमोर उभे राहिले की तो खिशात जाई, हे समजण्यासारखं होतं. विजेचं काम एकाच हाताने केलं की चुकून झटका बसला तरी तो छातीतून आरपार जात नाही. पण रस्त्याने चालताना, भाजी घेताना, देवळात घंटा वाजवतानासुद्धा तो हात खिशातच. एका लग्नात अक्षता एका हाताने टाकताना पाहून मी म्हणालो, "मास्तर, इथे कुठे करंट आहे?"

"सवय हाय साहेब," ते म्हणाले. "सवयीला जागा कळत न्हाय."

ते शाळामास्तर कधीच नव्हते. हेड स्विचबोर्ड अटेंडंट हा त्यांचा हुद्दा, पण सगळी गिरणी त्यांना मास्तरच म्हणे. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा अधिकार मला राहिलेला नाही. का, ते पुढे येईलच.

मी सोलापूरला आलो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. बार्शीच्या शिक्षकाचा मुलगा, डिप्लोमा झालेला, गिरणीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागलेला आणि अजून कायम न झालेला. कागदावर मी मास्तरांचा वरिष्ठ होतो. पहिल्या दिवशी पॉवर हाऊसमध्ये गेलो तर ते स्टुलावरून उठले, एका हाताने नमस्कार केला आणि म्हणाले, "साहेब, आत आलात ते लिवतो." मोठ्या लांब रजिस्टरात त्यांनी माझं नाव आणि वेळ लिहिली. मग विचारलं, "काम काय म्हणून लिवू?"

"काही नाही, सहज आलो."

त्यांनी लिहिलं, 'सहज.'

त्या रजिस्टरावर त्यांचा जीव होता. लूमशेड, ब्लोरूम, कार्डिंग, सायझिंग, प्रत्येक खात्याची वीज त्या बोर्डातून जायची. वीज बंद करायला हँडल पाडायचं किंवा चालू करायला उचलायचं झालं की आधी रजिस्टरात ओळ पडायची: कोणी मागितलं, कशासाठी, किती वाजता. ओळ पूर्ण झाल्यावरच हात हँडलकडे जायचा. "आधी पेन, मग हात," हे ते दिवसातून दहादा म्हणत. मी एकदा विचारलं की आधी काम करून मग निवांत लिहिलं तर काय बिघडतं?

"काम झाल्यावर माणूस खोटंच लिवतो असं न्हाय. पन सोयीचं लिवतो."

लाईनवर माणूस चढला असेल तर त्या हँडलला ते पत्र्याची पाटी अडकवत, 'माणूस कामावर आहे'. त्या माणसाची सही घेत. तोच माणूस स्वतः चालत येऊन दुसरी सही करीपर्यंत हँडल उचलत नसत. खात्याचा प्रमुख येवो, मॅनेजर येवो. लूमशेडपासून पॉवर हाऊसपर्यंत चालत यायला पाच-सात मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ शेकडो माग थांबलेले. खातेप्रमुख दात-ओठ खायचे.

त्यांच्याकडे दोन पेनं होती. निळं रोजचं. लाल पेन नकारासाठी. कुणी काही मागितलं आणि मास्तर नाही म्हणाले, तर तेही लिहायचं. एकदा मालकांचे जावई पाहुणे घेऊन आले आणि गंमत म्हणून एक हँडल पाडून दाखवा म्हणाले. मास्तरांनी लाल पेन काढलं, लिहिलं, आणि वाचून दाखवलं: "चार वाजून वीस मिनिटं. जावईसाहेबांनी सायझिंगचं हँडल पाडन्यास सांगितलं. कारन, गंमत. नकार दिला." आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "हितं सही करा की." जावईबापू लालेलाल झाले, पण पाहुण्यांसमोर सही करून गेले.

लोक हसायचे. न घडलेल्या गोष्टी लिहिणारा माणूस म्हणून. पण मी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात कार्डिंगची लाईन सारखी उडू लागली. दरवेळी कार्डिंगवाले येऊन म्हणत, उचला हँडल; मास्तर म्हणत, आधी कारण बघा. आठवड्यात तीनदा तसं झालं. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि रजिस्टर पुढे केलं. तीन लाल ओळी होत्या, तिन्ही दुपारी दोनच्या सुमाराच्या. "हे बगा. ऊन तापलं की उडतंय." फरशी उखडली तर खाली केबल जळत आलेली, आणि दोन हातांवर कापसाच्या गासड्या. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी होतो.

स्वतःच्या चुकाही ते लाल पेननेच लिहीत. 'आज चुकीच्या हँडलकडे हात गेला. लावला न्हाय. स्वतः.' एका पानावर तर नुसतं होतं: 'दोन मिनिटं लक्ष न्हवतं. मुलीचा विचार.' त्यांची थोरली मुलगी बाळंतपणात गेली होती, त्याच आठवड्यातलं ते पान. त्याबद्दल ते माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. ते पान पाहून मी टाईमकीपरला विचारलं, तेव्हा कळलं.

घरीही वही होती. कोण आलं, काय मागून नेलं, काय निरोप ठेवला. त्यांची बायको माळशिरसकडची, तोंडाने फटकळ. मला चहा देताना म्हणाली, "बघायला आले तवा मला नाव इचारलं आन् खिशातनं कागद काढला. मी म्हटलं, ह्यो जनगणनेचा मानूस हाय का काय!" मास्तर खाली मान घालून हसले. त्यांना हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं, त्यातली ही एक वेळ.

मग नवे मॅनेजर आले. मुंबईकडून आलेले, नीटनेटके, बोलायला गोड. गिरणीत वेळ कुठे वाया जातो हे त्यांनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस मला केबिनमध्ये बोलावून छापील नमुना हातात दिला. स्विच रजिस्टरचा नवा फॉर्म. सुटसुटीत, चार रकाने: हँडल, बंद, चालू, ड्युटीवरच्या माणसाची सही. पाळी संपताना भरायचा. मागणाऱ्याचं नाव नाही, कारण नाही, नकार नाही. माणसाने येऊन सही करायची अटही गेली. खातेप्रमुखाचा फोन पुरे.

"घटना काय घडली तेवढी नोंद हवी," साहेब म्हणाले. "कोण काय म्हणालं याची बखर नको. उद्या कोणी तपासायला आलं आणि ते लाल शेरे वाचले, तर आपणच आपल्या हाताने पुरावा दिला म्हणायचं. तुम्ही हा बदल तपासा, तांत्रिक शेरा द्या. आणि हो, तुमचं कायम करण्याचं पत्रही या महिन्यात बघायचंय मला."

मी फॉर्म मास्तरांकडे नेला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती, तीसुद्धा पाहिली. म्हणाले, "तीन दिस द्या."

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पॉवर हाऊसच्या बाकावर बसलो. त्यांनी सात पानं लिहून आणली होती, वळणदार अक्षरात, एकेका रकान्याबद्दलची हरकत आणि खाली उदाहरण, जुन्या रजिस्टरातल्या पानाच्या आकड्यासकट. मी चाळत होतो. त्यांनी हात आडवा धरला.

"बाकीची सोडा. येकच वाचा. दुसऱ्या पानावरची."

ती मागणाऱ्याच्या रकान्याबद्दल होती.

"ह्या फॉर्मात हँडल उचललं हे कळंल," मास्तर म्हणाले. "कुनी उचललं हेबी कळंल. कुनाच्या सांगन्यावरनं, हे कदीच कळनार न्हाय. म्हंजे हात सापडंल साहेब, तोंड सापडनार न्हाय."

"पण सांगणारा काय नाकारेल का?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मानूस मेला तर?"

मला पटलं होतं. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून सांगत नाही; तेव्हाच, तिथेच, बाकावर बसल्या बसल्या पटलं होतं. मी ती सात पानं घेऊन माझ्या टेबलाशी आलो, ती खणात ठेवली आणि फॉर्मवर लिहिलं, 'तपासले. तांत्रिकदृष्ट्या हरकत नाही.' सही केली. साहेबांनी विचारलं, "त्या म्हाताऱ्याचं काही म्हणणं?" मी म्हणालो, "किरकोळ."

जुनी रजिस्टरं रेकॉर्ड रूममध्ये गेली. मास्तरांनी तक्रार केली नाही. पहिले काही दिवस ते फॉर्मच्या समासात बारीक अक्षरात मागणाऱ्याचं नाव लिहीत. त्यावरून त्यांना मेमो आला. पुढे एकदा फोन आल्यावरही माणूस येईपर्यंत ते थांबले, तेव्हा दुसरा मेमो आला, की यापुढे विलंब झाला तर कामावरून कमी करण्यात येईल. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते. समासातलं लिहिणं बंद झालं. पत्र्याची पाटी मात्र ते अडकवत राहिले; पाटीबद्दल हुकमात काही नव्हतं.

तो एप्रिल होता. दुपारचे पावणेतीन. लूमशेडची अर्धी लाईन सकाळपासून बंद होती आणि नरसय्या नावाचा वायरमन शिडीवर चढून वरच्या पेटीत जोडणी करत होता. तेलुगू घरातला, तिशीचा, कामाला फार चांगला. तीनला दुसरी पाळी सुरू व्हायची होती आणि त्या पाळीचे लोक फाटकावर जमू लागले होते. मी पॉवर हाऊसमध्ये होतो. फोन वाजला, मीच घेतला. लूमशेडचे प्रमुख होते. "उतरला तो. करा चालू. साहेब स्वतः इथे उभे आहेत."

मी मास्तरांना म्हणालो, "लूमशेड चालू करा. नरसय्या खाली आलाय."

"कोन म्हनतं?"

"फोन आला ना आत्ता."

"नरसय्या येऊ द्या की हितं. पाच मिनटांचा परश्न हाय."

"मास्तर, साहेब तिथे उभे आहेत. तिसरा मेमो हवाय का? मी सांगतोय ना, करा."

त्यांनी पाटी काढली. मग सवयीने पेन उचललं आणि फॉर्मकडे पाहिलं. पेनचं टोक कागदावर इकडून तिकडे फिरलं. लिहायला जागा नव्हती. त्यांनी पेन खाली ठेवलं, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने हँडल वर केलं.

नरसय्या खरंच उतरला होता. पक्कड खाली पडली होती ती घ्यायला. ती घेऊन तो परत चढला होता.

लूमशेडमधून माणूस धावत ओरडत येईपर्यंत आम्हाला काही कळलं नाही. मास्तरांनी हँडल पाडलं, पण तोवर सगळं संपलं होतं. आम्ही गेलो तेव्हा त्याला खाली घेतलेलं होतं. माग बंद, पंखे बंद, कामगार कोंडाळं करून उभे. मास्तर त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं होतं. त्यांचा डावा हात असा उघड्यावर मी पहिल्यांदाच नीट पाहिला.

त्याच रात्री, मयत घरी नेल्यावर, ते एकटे नरसय्याच्या घरी गेले. तिथे त्यांना लोकांनी मारलं असं मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. त्यांच्या भुवईवर पट्टी होती.

गिरणीची चौकशी आठ दिवसांनी झाली. मॅनेजर, गिरणीचे वकील, कामगारांचा एक प्रतिनिधी, लिहून घ्यायला एक कारकून. फॉर्म टेबलावर होता: लूमशेड, चालू, दोन पंचेचाळीस, मास्तरांची सही. लूमशेडचे प्रमुख म्हणाले, आपण फोन केलाच नव्हता. मग वकिलांनी मास्तरांना विचारलं, "हँडल कोणी उचललं?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"ह्या साहेबांनी सांगितलं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. "ते हितंच हायत. त्यांना इचारा."

वकील माझ्याकडे वळले. मॅनेजर साहेब हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होते. माझं कायम होण्याचं पत्र टायपिंगला गेलेलं आहे, हे त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. मला वडील दिसले, बार्शीच्या घराच्या ओट्यावर बसलेले, पोरगा इंजिनिअर झाला म्हणून सांगणारे. हे कारण म्हणून सांगत नाही. दिसले एवढंच.

"त्या गडबडीत कोण काय म्हणालं ते मला नक्की आठवत नाही," मी म्हणालो.

मास्तर रागावले नाहीत. ते कारकुनाकडे वळले आणि म्हणाले, "लिवून घ्या. आठवत न्हाय म्हनाले." कारकुनाने वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी मान हलवली. त्याने लिहिलं नाही.

मास्तरांना काढून टाकलं. ते बायकोला घेऊन करमाळ्याकडे आपल्या गावी गेले. मी कायम झालो. ती सात पानं खणात होती; एका दुपारी ती खिशात घालून बॉयलरकडे गेलो आणि भट्टीत टाकली. बॉयलरवाल्याने काही विचारलं नाही. दोन वर्षांनी मला पुण्यात दुसरी नोकरी लागली, तिथे बढत्याही मिळाल्या. कुठलंही रजिस्टर पुढे आलं की मी सही करायच्या आधी उगाच मिनिटभर थांबायचो, आणि मग करायचो.

मास्तर गेल्याचं मला उशिरा कळलं, कामासाठी सोलापूरला आलो होतो तेव्हा. जुन्या टाईमकीपरने सांगितलं, "गेले की, वर्ष झालं." आणि म्हणाला, "दर साली त्या दिवशी यायचे हितं. करमाळ्याहून एसटीनं. नरसय्याच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचे आन् परत जायचे. गल्लीत कोन येऊ देतंय?"

मी त्याच दुपारी नरसय्याच्या घरी गेलो. त्याची बायको ओट्यावर बसून विड्या वळत होती, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं. मी ओळख सांगितली. तिने मान हलवली, पण हात थांबवले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं: फोन मी घेतला होता. मास्तर नको म्हणत होते. चालू करा असं मी सांगितलं होतं. चौकशीत मी आठवत नाही म्हणालो, पण मला आठवत होतं. मास्तरांनी थांबायला सांगितलं होतं, हे शब्द मी दोनदा म्हणालो, तिला मराठी नीट कळलं नसेल म्हणून.

तिला नीट कळलं होतं. तिचे हात थांबले.

"ते आले हुते त्या रात्री," ती म्हणाली. "माज्या हातानं झालं म्हनाले. दुसरं काय बी बोलले न्हाईत. माज्या दिरानं मारलं त्यास्नी, मी तितंच हुते. मी अडवलं न्हाई."

तिने हातातलं पान खाली ठेवलं.

"मग दर साली यायचे. थितं, नळापाशी. ऊन किती ते. मी पोरान्ला सांगायची, जावा, ह्या मानसानं तुमच्या बापाला मारला, मारा दगड." ती गल्लीच्या तोंडाकडे बघत होती. "एकदा लागला डोक्याला. खाली बसले. मी बघत हुते हितनं."

सुपातली अर्धी वळलेली विडी तिने उलगडली. तंबाखू परत सुपात पडला.

"ते हायत का आता?"

"नाहीत. वर्ष झालं."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल, रडेल, अंगावर येईल. त्या सगळ्याची मी तयारी करून आलो होतो. खरं तर त्यासाठीच आलो होतो. तिने तसं काहीच केलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मग हे तुमी मला कशाला सांगितलं, साहेब? आता मी काय करू ह्याचं?"

मी तसाच उभा राहिलो. शेवटी तिने सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.